ऑनलाइन तासाला मुलं गप्प का? (सोलापूर, पदवीचे वर्ग)

आकडेमोड

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आलं, त्यामुळे कला आणि वाणिज्यच्या मुलांनाही आमच्याकडचा विषय घेता येतो. पण तिन्ही शाखांचं वेळापत्रक काही केल्या जुळत नाही, खोल्याही कमी. शेवटी 'आकडेवारीची ओळख' हा विषय संध्याकाळी सात ते आठ ऑनलाइन घ्यायचं ठरलं.

पटावर साठेक नावं आहेत. स्क्रीनवर मला दिसतात ती आद्याक्षरं लिहिलेली रंगीत वर्तुळं. कॅमेरे बंद, माइक बंद. "समजलं का?" विचारलं की ठरलेले तीन-चार जण "यस मॅम" टाइप करतात, बाकी काही हालचाल नाही. तास संपला म्हटलं की भराभर सगळे बाहेर, आणि दोघं-तिघं मात्र तशीच आत राहतात, कारण फोन लावून ती कधीच उठून गेलेली असतात. हीच मुलं कॉरिडॉरमध्ये भेटली की भरभरून बोलतात.

स्टाफरूममध्ये दोन मतं आहेत. एक, कॅमेरा सक्तीचा करा आणि त्यावरच हजेरी द्या. दुसरं, फार मनावर घेऊ नका, व्हिडिओ टाका आणि परीक्षेला भेटा. मला दोन्ही पटत नाहीत, पण मग करायचं काय? शिकवणारे, शिकणारे, पालक, सगळ्यांनी लिहा. कॉलेजचं नाव विचारू नका एवढीच विनंती.

जुना_खडू

कॅमेरा सक्तीचाच हवा. उभी हयात वर्गात गेली माझी. मुलांच्या डोळ्यांकडे बघून कळायचं की कुठे गाडी अडली, कुठे पुन्हा सांगायला हवं. चेहराच दिसत नसेल तर शिक्षक भिंतीशी बोलतोय. मुलांना सवलती देत गेलो की ती बिघडतात, हे माझं स्पष्ट मत आहे.

शेंगाचटणी

आमच्या तासाला एकाचा माइक चालू राहिला आणि त्याच्या आजीचा आवाज आला, "सगळ्यांस्नी सांग, भाकरी गरम हाय, या जेवायला." त्या दिवशी चॅटमध्ये झाडून सगळ्यांनी लिहिलं, "आलो आज्जी." सर म्हणाले, आजींना रोज बोलवा, निदान हजेरी तरी कळेल.

पूर्वभाग

मी बी.कॉम. तिसऱ्या वर्षाला आहे. कॅमेऱ्याबद्दल लिहायलाच हवं.

जुना खडू सर, रागावू नका. आमचं घर पूर्व भागात, दोन खोल्यांचं. संध्याकाळी सात वाजता पुढच्या खोलीत आई आणि मावशी विड्या वळत असतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणि कात्री. सकाळी कट्टे मोजून कारखान्यात द्यायचे असतात, त्यामुळे ती वेळ त्यांच्या घाईची. मधल्या खोलीत भाऊ अभ्यासाला आणि आजोबा झोपलेले. मी कुठेही बसले तरी माझ्या मागे कुणीतरी असतंच. मला आईच्या कामाची लाज वाटत नाही, तिच्या विड्यांवरच माझी फी भरली जाते. पण तिला न विचारता, घरातल्या साडीत, कामाच्या मध्येच साठ अनोळखी मुलांसमोर बसवायचा अधिकार मला कुणी दिला?

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, कॉलेजच्या नोट्स इंग्रजी. वर्गात शेजारणीला हळूच मराठीत विचारता येतं. ऑनलाइनला शेजारीण नाही. चॅटमध्ये लिहिलेलं सगळ्यांना दिसतं आणि पुसता येत नाही. वाक्य मनात तीनदा जुळवेपर्यंत मॅडम पुढच्या स्लाइडवर गेलेल्या असतात.

आकडेमोड

@पूर्वभाग, बरं झालं सविस्तर लिहिलंस. शेजारणीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. अजून लिही.

मंगळवेढ्याची_ज्वारी

सातची वेळ कुणी ठरवली? सात म्हंजे आमच्याकडं धारा काढायची वेळ. दूध डेअरीला घालून येईपर्यंत आठ वाजतात. त्यात लाईटीची पाळी रात्रीची असली की मोटर चालू करायला वडलांसोबत रानात जावं लागतं. रेंज घरात नाही, माळवदावर आहे. तिथं बसून ऐकायचं ठीक, पण व्हिडिओ लावला की चित्र अडकतंय आणि दिवसाचा दीड जीबी भावाच्या अन माझ्या क्लासमध्ये संपतोय. फोन एक, शिकणारे दोन.

मी वर्गात गप्प असतो असं नाही, मी तिथं निम्म्यावर पोचतोय. तोवर "एनी डाऊट्स?" सुरू असतं.

रेवती_पुणे

मी मूळची सोलापूरची (माहेर सात रस्ता), आता पुण्यात ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्याचं काम करते. थोडं लांबेल.

कॅमेऱ्याचा प्रश्न जगभर पडलाय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दोघा प्राध्यापकांनी आपल्याच विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्ही कॅमेरा का लावत नाही. २०२१ मध्ये ते छापून आलं. सगळ्यात जास्त मुलांनी सांगितलं, स्वतःच्या दिसण्याबद्दल अवघडल्यासारखं होतं. त्याखालोखाल कारणं होती मागे दिसणारी माणसं, मागे दिसणारी जागा आणि कमजोर इंटरनेट. म्हणजे पूर्वभाग आणि ज्वारी जे सांगतायत तेच. त्या प्राध्यापकांनीही सक्ती करू नये असंच सुचवलं होतं, कारण सक्तीचा भार ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांच्यावरच जास्त पडतो.

आता मूळ प्रश्न. सहभाग म्हणजे नेमकं काय? शिक्षणशास्त्रातले लोक त्याचे तीन पदर मानतात. वागण्यातला (आला, बसला, गृहपाठ दिला), भावनेतला (इथे माझं कुणी आहे, विषय आवडतो) आणि विचारातला (डोकं खरोखर चालतंय). कॅमेरा फक्त पहिला दाखवतो, तोही अर्धवट. डोळे स्क्रीनवर ठेवून मनाने भलतीकडे जाणं आपल्या सगळ्यांना येतं.

मायकेल मूर या अभ्यासकाने १९८९ मध्येच, म्हणजे झूम आणि मीटच्या खूप आधी, दूरशिक्षणातल्या देवाणघेवाणीचे तीन प्रकार सांगितले होते: विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. आपल्या ऑनलाइन तासांत बहुतेक वेळा पहिलाच असतो. दुसरा "समजलं का?" एवढ्यावर संपतो आणि तिसऱ्याला जागाच ठेवलेली नसते. पूर्वभागची 'शेजारीण' म्हणजे तो तिसरा प्रकार. कॉलेजच्या बाकावर तो फुकट मिळतो. ऑनलाइनला तो शिक्षकाला मुद्दाम घडवावा लागतो.

आणखी एक. २०१४ मध्ये एडेक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतली जवळपास ६९ लाख व्हिडिओ-दर्शनं तपासली गेली. व्हिडिओ कितीही मोठा असो, मुलं साधारण सहा मिनिटांच्या आतच टिकत होती. तेव्हा तासभर सलग बोलायचं असेल तर मुलं गेली म्हणून त्यांना दोष देऊ नका.

जुना_खडू

@पूर्वभाग, पोरी, रागावण्याचं कारणच नाही. घरातल्या बाईमाणसाला कॅमेऱ्यासमोर आणू नये, हे मला मान्य आहे. पण माझा प्रश्न कायम आहे. मूल खरंच शिकतंय का, हे शिक्षकाने ओळखायचं कसं? रेवतीताईंनी तीन पदर सांगितले. तिसरा पदर तपासायची सोय सांगा.

सर्व्हर_डाऊन

इंजिनिअरिंगवाल्याचा अनुभव. आम्हाला एनपीटीईएलचे कोर्स क्रेडिटसाठी घ्यावे लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयआयटी आणि आयआयएस्सीचे प्राध्यापक शिकवतात, 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर फुकट बघता येतं, आठवड्याला एक असाइनमेंट असते आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तिला फी असते. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून करता येतात, म्हणजे हे प्रकरण आता वाढतच जाणार.

खरं सांगायचं तर वर्गातल्या बऱ्याच जणांनी असाइनमेंटची उत्तरं यूट्यूबवरून उतरवली. दर आठवड्याला कुणीतरी टाकतंच. पंचवीसपैकी मार्क झकास, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये घाम. आमच्या होस्टेलवर पाच जणांनी मात्र ठरवलं की रविवारी मेसच्या जेवणानंतर एकत्र बसायचं, प्रत्येकाने एक प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवायचा. व्हिडिओ तेच, प्राध्यापक तेच. फरक एवढाच की रविवारी आपली पाळी येणार आणि चौघं तोंडाकडे बघणार, हे माहीत असायचं. पाचही जण पास, त्यातला एक गणितात कायम एटीकेटीवाला. तो आता ज्युनियरना शिकवतो.

शेंगाचटणी

मेसच्या जेवणानंतर पाच जण जागे राहिले हेच मोठं यश आहे.

एमआयडीसी_दुसरी_पाळी

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. बी.ए. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलं. धाग्यावर सगळे लाइव्ह तासाबद्दलच बोलतायत म्हणून लिहितो.

माझ्यासारख्याला लाइव्ह तास कधीच जमला नसता. दुसरी पाळी सुटते रात्री अकरा-बाराला. मागांच्या आवाजात कानात काही घालून ऐकायचं तर प्रश्नच नाही. मला शिकवलं ते मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांनी. त्या पुस्तकांत मजकूर सलग पळत नाही. थोडं वाचलं की मध्येच प्रश्न येतो, उत्तर लिहायला जागा सोडलेली असते, उत्तरं घटकाच्या शेवटी. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना एक प्रश्न वाचायचा आणि परत मागावर उभं राहून त्याचं उत्तर डोक्यात जुळवत राहायचं, अशी सवय लागली. कॅमेरा नाही, तास नाही, पण माझं डोकं त्या वेळी जेवढं चाललं तेवढं शाळेत कधी चाललं नव्हतं.

तेव्हा मॅडम, रेकॉर्डिंग ठेवा. आणि तासाभराची एक फाइल नको, तुकडे करून प्रत्येकाला नाव द्या. "लेक्चर ७" या नावावरून काही कळत नाही. "मध्यक म्हणजे काय" असं लिहिलं तर माणूस शोधून काढतो.

सर्व्हर_डाऊन

@एमआयडीसी दादा, सलाम.

वडील_अक्कलकोट

मी पालक आहे, शेतकरी आहे, थोडं कडक बोलतो. मुलगी सोलापुरात होस्टेलला ठेवली. फी भरतो, मेसचे भरतो, एसटीचा पास काढतो. आणि ती खोलीत कॉटवर बसून मोबाइलवर तास करते. मग घरी बसून काय वाईट होतं? शिक्षण समोरासमोरच झालं पाहिजे. लॉकडाऊनमध्ये नाइलाज होता, आता कसला नाइलाज? खोल्या कमी आहेत तर खोल्या बांधा. मुलांनी का सहन करायचं?

होटगीरोड_मावशी

वडील_अक्कलकोट, खोल्या बांधा हे अगदी बरोबर, त्यावर मी तुमच्या बाजूने सही करीन. पण "घरी बसून काय वाईट होतं" हे वाक्य मला झोपू देणार नाही, म्हणून लिहिते.

मी मुलींच्या वसतिगृहाचं काम बघते. लॉकडाऊन उठल्यावर कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. तोवर ज्या मुली गावी होत्या, त्यांतल्या काही परत आल्याच नाहीत. घरचे म्हणाले, मोबाइलवर होतंय ना, मग शहरात कशाला? मोबाइलवर होत होतं म्हणजे काय, तर चुलीपाशी फोन उभा करून ठेवायचा, हजेरी लागायची आणि ती भाकऱ्या थापायची. पुढे लग्नं झाली. आमच्याकडच्या मुलींना कॉलेज म्हणजे नुसता तास नसतो. एसटीत एकटीने बसणं, लायब्ररीत चार वाजेपर्यंत थांबणं, मैत्रिणीबरोबर नव्या पेठेत जाऊन स्वतःच्या पैशाने पेन घेणं, हे सगळं त्यात येतं. ऑनलाइनची सोय वाढली की हे पहिलं काढून घेतलं जातं, आणि ते मुलींचंच काढून घेतलं जातं.

म्हणून आकडेमोड मॅडम, तुमचा विषय ऑनलाइन आहे तो असू द्या. पण महिन्यातून एकदा तरी सगळ्यांना प्रत्यक्ष एकत्र बोलवा. ते निमित्त मुलींच्या फार उपयोगी पडतं.

वडील_अक्कलकोट

मावशी, मी मुलीला परत बोलावणार नाही. बोलण्याच्या ओघात लिहिलं. तिला शिकवायचंच आहे, नाहीतर शहरात ठेवलीच नसती.

होटगीरोड_मावशी

ते कळलंच हो, दादा. तुमच्यासारखे वडील जास्त असते तर मला एवढं लिहावं लागलं नसतं.

कोविड_बॅच

आमचं काय सांगू. २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, आणि मग ऑक्टोबरात घरी बसून बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा. मार्क चांगले पडले. नंतर नोकरीच्या मुलाखतीत प्रत्येक ठिकाणी पासआउटचं वर्ष बघून समोरचा माणूस जरा थांबायचा. मी मन लावून अभ्यास केला होता, तरी. ऑनलाइन शिकवण्यापेक्षा ऑनलाइन परीक्षेने आमचं जास्त नुकसान केलं. परीक्षा अशी असेल की न शिकताही मार्क पडतात, तर मुलं तासाला कशाला बोलतील?

जुना_खडू

कोविड_बॅचने नेमकं बोट ठेवलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मीच सुचवतो: तोंडी परीक्षा. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करण्याआधी आम्ही दोन प्रश्न विचारायचो. जर्नल कुणाचं बघून उतरवलं असलं तरी त्या दोन प्रश्नांत कळायचं. फोनवर दोन-तीन मिनिटांची तोंडी घ्या. कॅमेरा नको, नुसता आवाज. "तू हे उत्तर लिहिलंस, आता यातला आकडा बदलला तर काय होईल?" एवढंच विचारा. साठ मुलं चार आठवड्यांत वाटली तर आठवड्याला पंधरा होतात. शिक्षकाचा वेळ जातो, कबूल. पण शिकवणं म्हणजे तेच.

माढेकर

विषय जिल्ह्याचा आहे म्हणून आठवण करून देतो. आमच्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात छापायची त्यांची कल्पना पुढे राज्यभर गेली. ती प्राथमिक शाळा आहे, पदवीचा वर्ग वेगळा, हे मान्य. पण कागद हातात आणि फोन मदतीला, ही रचना कॉलेजलाही चालेल. प्रत्येक घटकाचं एक छापील पान द्या, त्यावर प्रश्न आणि कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा कोड. ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांच्याकडे निदान पान तरी असेल.

मंगळवेढ्याची_ज्वारी

पान पाहिजेच. पीडीएफ नको. पीडीएफ फोनवर वाचायची म्हंजे बोटानं इकडं तिकडं सरकवत बसायचं, अन फोन भावाकडं गेला की तेही गेलं.

आकडेमोड

खूप दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात तुमच्या सूचनांतून जे जमलं ते करून बघितलं. सगळं नाही जमलं. खोल्या बांधणं माझ्या हातात नाही, पण वेळ साडेआठची करून घेतली. ज्वारी, तुझ्यासारखी आठ-दहा मुलं वेळेवर दिसायला लागली.

बदल नेमका काय झाला ते एका तासावरून सांगते.

सरासरी शिकवायची होती. तासाच्या आदल्या दिवशी ग्रुपवर सोलापूर बाजार समितीचा कांद्याचा दर टाकला. त्यात नेहमीचे रकाने असतात: आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. एकच प्रश्न विचारला, "सर्वसाधारण दर हा किमान आणि कमाल यांच्या बरोबर मध्ये का नसतो? दोन ओळी लिहा. मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड, काहीही चालेल. बोलून पाठवलं तरी चालेल." उत्तरं मला एकटीला दिसतील असा फॉर्म केला, कारण पूर्वभागने लिहिलेलं डोक्यात होतं की चॅटमधलं पुसता येत नाही.

तासाला मी दहा मिनिटं बोलले. मग मीटिंगमध्येच चार-चार जणांच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्या (ब्रेकआउट रूम). हे चार जण सत्रभर तेच ठेवलेत, दर वेळी बदलत नाही. आधी मी दर तासाला नव्या जोड्या करायचे, तेव्हा मुलं ओळख करून घेण्यातच वेळ घालवायची किंवा गप्प बसायची. आता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून एखादा आला नाही तर बाकीचे तिघं त्याला फोन करतात. सगळ्या गटांचा मिळून एक तक्ता, प्रत्येक गटाची एक ओळ, ती भरून परत यायचं.

एका गटात मोहोळकडचा एक मुलगा आहे, कला शाखेचा. तोपर्यंत त्याचा आवाजही मी ऐकला नव्हता. त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, मागे ट्रॅक्टरचा आवाज. म्हणाला, "मॅडम, किमान दर म्हणजे गोल्टीचा (बारीक कांद्याचा) एखादा ढीग असतो, कमाल म्हणजे कुणाच्या तरी निवडक मालाच्या दहा-पाच पिशव्या. खरा माल मधला असतो, आणि तोच जास्त असतो. वडील म्हणतात कमाल दर बघून गाडी भरणारा फसतो." भारित सरासरी (ज्या दराने जास्त माल गेला त्या दराला जास्त वजन देऊन काढलेली) हा शब्द मी उच्चारायच्या आधी त्याने ती समजावून सांगितली होती. त्याच्या परवानगीने मी तो मेसेज तासाला ऐकवला. वाणिज्यच्या मुली एकापाठोपाठ विचारायला लागल्या, गोल्टी म्हणजे काय, पिशवीत किती किलो. त्या दिवशी तास सव्वातास चालला आणि मी फारशी बोललेच नाही.

कॅमेरे अजून बंदच आहेत. मी लावायला सांगितले नाहीत.

जुना खडू सर, तोंडी सुरू केली आहे, वीस गुणांपैकी दहा तिच्यावर. तुम्ही म्हणालात तसंच, आकडा बदलला तर काय होईल. दोन-तीन मुलांचं उत्तर लिहिलेलं अप्रतिम आणि बोलताना काहीच नाही, असं निघालं. त्यांना पुन्हा संधी दिली, आणि दुसऱ्यांदा ती तयारी करून आली. माढेकर, छापील पानं झेरॉक्सवाल्याकडे ठेवते, आठवड्याला एक. मावशी, महिन्याला एक प्रत्यक्ष तास मंजूर झाला, शनिवारी. मुलींची संख्या त्या दिवशी सगळ्यात जास्त असते.

जे सुटलेलं नाही तेही लिहिते. पंधराएक मुलं अजून कुठेच नाहीत. फॉर्म नाही, गट नाही, फोन उचलत नाहीत. त्यातल्या काहींनी फक्त स्कॉलरशिपसाठी प्रवेश घेतलाय, काही रोज कामावर जातात. त्यांच्यापर्यंत ऑनलाइनचं कुठलंच तंत्र पोचत नाही. आणि साठ मुलांची तोंडी घेणं मला यंदा जमतंय, पण तासिका तत्त्वावरच्या माझ्या सहकारी ज्या तीन कॉलेजांत धावतात, त्यांना कोण सांगणार की फोनवर तोंडी घ्या? त्यांना त्या वेळेचा मोबदला मिळत नाही. हा प्रश्न शिक्षकाच्या उत्साहाने सुटणार नाही, संस्थांनी त्याचे पैसे मोजायला हवेत.

रेवती_पुणे

शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे. लोक समजतात ऑनलाइन म्हणजे स्वस्त, एक शिक्षक हजार मुलांना शिकवेल. व्हिडिओ हजारांना पुरतो. उत्तर वाचणारा माणूस पुरत नाही. मुलं बोलती होतात ती आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय हे कळल्यावर, आणि त्या वाचण्यालाच अंदाजपत्रकात जागा नसते.

एमआयडीसी_दुसरी_पाळी

रोज कामावर जाणारी जी मुलं म्हणालात, त्यांना पाळी सुटल्यावरची वेळ विचारून बघा. आमच्यातल्या माणसाला रात्री साडेअकराला आलेला एक प्रश्न चालतो. फोन उचलत नाहीत कारण मागावर असताना उचलता येत नाही, मेसेज वाचतात.

आकडेमोड

@एमआयडीसी दादा, आजच करते. फोन करत होते तो दुपारी, कॉलेजच्या वेळेत.

पूर्वभाग

मॅडम, मी तुमच्या कॉलेजची नाही, पण आमच्या ग्रुपला तो कांद्याचा प्रश्न द्यायचाय. आकड्यांसकट इथे टाकाल का?

आकडेमोड

टाकते. आकडे समजा म्हणून घेतलेत, रोजचे नाहीत. १० क्विंटल माल ३००० रुपयांनी गेला, ३०० क्विंटल १२०० ने आणि ९० क्विंटल ४०० ने. तिन्ही दरांची साधी सरासरी किती? मालाचा विचार करून काढलेली सरासरी किती? आणि शेतकऱ्याने कुठली बघावी?

शेंगाचटणी

साधी १५३३ च्या आसपास. दुसरी काढतो, पेन शोधतोय.

पूर्वभाग

१०६५. एकूण ४,२६,००० रुपये, भागिले ४०० क्विंटल. ३००० वाला दर दिसतो मोठा, पण माल फक्त १० क्विंटल.

मंगळवेढ्याची_ज्वारी

१०६५ बरोबर. पण प्रतवारी न करता गाडी नेली तर ४०० वालाच दर गळ्यात पडतोय, तेही शिकवा.

वडील_अक्कलकोट

उत्तर बरोबर आहे, पण शेतकऱ्याच्या हातात १०६५ पडत नाहीत. पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत, हमाली, तोलाई वजा होते, गाडीभाडं वेगळं. माझ्याकडे जुन्या पट्ट्या आहेत. मुलीला सांगून फोटो पाठवू का? नाव-गाव झाकून.

आकडेमोड

नक्की पाठवा. गुरुवारचा तास त्यावरच घेते. आणि मुलीलाही साडेआठला बसवा, तिचा विषय दुसरा असला तरी चालेल.